रुई मिळाली नाही

शनिवारी सकाळी साडेअकराच्या सुमाराला दवाखान्यातले डॉक्टर स्वतः बाहेर आले आणि बाकड्यावर माझ्या शेजारी बसले. ते शेजारी बसले तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"काका, इथं आणण्याआधीच संपलं होतं," ते म्हणाले.

मी विचारलं, "काय संपलं होतं?"

हे मी मुद्दाम विचारलं नाही. मला खरंच वाटलं, ते कसल्यातरी औषधाबद्दल बोलताहेत. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मग कळलं.

आशाला बीपी होतं का, शुगर होती का, हे त्यांनी विचारलं. दोन्ही होतं. ते म्हणाले, हार्टचा झटका दिसतो, पण नक्की कारण पाहिजे असेल तर पोस्टमार्टेम करावं लागेल. मी म्हणालो, चिरफाड नको. आशा सुईला घाबरायची. आमच्या कॉलनीतले डॉक्टर तिला सहा वर्षं तपासत होते, त्यांनी तिचे कागद पाहून सर्टिफिकेट दिलं.

मुलीला, तनुजाला, मी तिथूनच फोन केला. ती नाशिकला असते. तिनं विचारलं, "आईला काय झालं?" मी म्हणालो, "हार्ट." त्या दिवशी हा शब्द मी निदान चाळीस माणसांना सांगितला. हार्ट म्हटलं की पुढं कोणी काही विचारत नाही.

मी मूळचा पिशोरचा. एसटीच्या वर्कशॉपात लागलो, मेकॅनिक म्हणून रिटायर झालो. नोकरीत असतानाच पडेगावला दोन खोल्या आणि वर गच्ची असं घर बांधलं. खालचं घर माझं आणि गच्ची आशाची, अशी आमची वाटणी होती. गच्चीवर तिची झाडं होती. तुळस, जास्वंद, कढीपत्ता, आणि ढेऱ्या.

ढेऱ्या हे तिनं ठेवलेलं नाव. आठ वर्षांपूर्वी दौलताबाद रोडवर वजीरभाईंच्या नर्सरीत आम्ही कढीपत्त्याचं रोप आणायला गेलो होतो. तिथं एका काळ्या पिशवीत वीतभर रोप होतं. वर चार पानं आणि खाली बुंधा फुगलेला.

"हा काय कांदा हाय का?" आशानं विचारलं.

"भाभी, ये अफ्रिकेचा है. जंगली झाड. ॲडेनियम बोलते इसकू."

"नाव लई अवघड हाय," ती म्हणाली. मग तिनं रोपाच्या पोटाकडं पाहिलं, माझ्या पोटाकडं पाहिलं आणि म्हणाली, "ढेऱ्या म्हणू."

वजीरभाई इतके हसले की त्यांनी रोप जवळजवळ फुकट दिलं.

पहिल्या वर्षी तिनं त्याला गुलाबासारखं रोज पाणी घातलं. पावसाळ्यात त्याचं पोट मऊ पडलं, एक मूळ सडलं. तिनं सडका भाग कापला, झाड तीन दिवस सावलीत उलटं टांगून वाळवलं आणि पिशोरहून आणलेल्या मुरमात लावलं. त्यानंतर तिला त्याची खोड कळली. म्हणायची, "हे आपल्या बरड रानाचंच पोर हाय. खडक पाहिजे, ऊन पाहिजे, आन् कुणी लाड केलेले नाय चालत." त्याच्या मुलखात ते कपारीत उगवतं, पाऊस येईल तेव्हा पोटात पाणी भरून घेतं आणि वर्षभर त्यावर काढतं, हे तिला वजीरभाईंनी सांगितलं होतं. दिवाळी झाली की ती त्याचं पाणी तोडायची. त्याची पानं पिवळी होऊन गळायची, नुसता बुंधा आणि चार हात उरायचे. शेजारणी म्हणायच्या, मेलं तुझं झाड. ती अंगठ्यानं त्याचं पोट दाबून पाहायची. टणक लागलं की म्हणायची, "झोपलाय." फाल्गुनात एकही पान नसताना त्याला आधी फुलं यायची. पानं मागून.

मागच्या गल्लीतली शेळी एकदा जिना चढून गच्चीवर आली. तिनं जास्वंद खाल्ली, तुळशीचे शेंडे खाल्ले. ढेऱ्याला तिनं तोंड लावलं नाही. आमच्याकडं शेळी रुईसुद्धा खाते. मी गावात वाढलेला माणूस. शेळी ज्याला तोंड लावत नाही त्याच्यापासून जपून राहावं, एवढं मला तेव्हा सुचायला हवं होतं.

आता त्या शुक्रवारचं सांगतो.

आशा तिच्या थोरल्या बहिणीकडं, भागूबाईकडं, पिशोरला हुरडा खायला गेली होती. परतली ती लंगडत. बाभळीचा काटा चपलेतून टाचेत गेला होता आणि टोक आतच मोडलं होतं. मी म्हणालो, तुला शुगर आहे, डॉक्टरांकडं चल. ती म्हणाली, "काट्यासाठी डॉक्टर? लोक हसतील. रुईचा चीक लावा, आपसूक वर येतो."

ते खरं होतं. लहानपणी आम्ही सगळे तेच करायचो. रुईचं पान तोडायचं, चीक काट्यावर सोडायचा, वर चिंधी बांधायची. दोन-तीन दिवसांत काट्याचं डोकं वर यायचं. माझ्या स्वतःच्या पायातून असे कितीतरी काटे निघालेत.

मी संध्याकाळी पाचला रुई शोधायला निघालो. आमच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर रुई माजलेली असायची. दिवाळीत तिथं जेसीबी फिरला होता. प्लॉट ताटासारखा साफ होता. मग मी मारुतीच्या देवळापाशी गेलो. तिथं एक झाड आहे, पण झाडाखाली हार करणारी बाई बसली होती.

"उद्या शनिवार हाय, भाऊ. एक पान तोडू नका. देवाची हायेत."

"चीकच पाहिजे, बाई. काट्याला."

"मग दुसरीकडं बघा. काय दुष्काळ पडलाय का रुईचा?"

दुष्काळ नव्हता. दौलताबादच्या अंगाला अर्धा-एक किलोमीटर चाललो असतो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूला रुईच रुई होती. माझे गुडघे दुखत होते. मी घरी आलो.

वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेलो, तर ढेऱ्या समोर होता. मी एक शेंडा मोडला. पांढुरका, पातळ चीक आला. मी आणखी चार शेंडे मोडले, चीक वाटीत धरला आणि खाली आणला.

आशानं वाटीत पाहिलं. "आवं, ही रुई हाय का?"

"चीक तो चीक. रुईचा काय आन् याचा काय."

"माझा ढेऱ्या मोडला तुम्ही?"

"येतील परत शेंडे. पाय पुढं कर."

तिनं पाय पुढं केला. मी सुईनं काट्याची जागा मोकळी केली. रक्त आलं. चिकात कापूस भिजवून त्यावर दाबला आणि जुन्या साडीची पट्टी बांधली.

"चुरचुरतंय," ती म्हणाली.

"चुरचुरलं म्हणजे लागू पडतंय."

आमची म्हातारी माणसं असंच म्हणायची.

सकाळी तिला मळमळायला लागलं. दोनदा उलटी झाली. चहा नको म्हणाली. जीव घाबरल्यासारखा होतोय म्हणाली. मला वाटलं पित्त. बहिणीकडं हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन आलेली. मी लिंबू-सोडा दिला. साडेदहाला ती पलंगावर बसली होती. "गरगरतंय," म्हणाली आणि मागं पडली. शेजाऱ्यांनी रिक्षा आणली. बाकीचं वर लिहिलं आहे.

त्या दिवशी मला कसलीही शंका आली नाही. शुगर, बीपी, वजन, हार्ट. सगळ्यांना पटलं, मलाही पटलं. मी रडलो, लोकांनी मला धरलं, पाणी पाजलं. ते पहिले दिवस अवघड होते, पण दुःख सरळ होतं.

दहावा आम्ही पिशोरला, नदीकाठी केला. पिंड ठेवला. कावळे समोरच्या लिंबावर होते, पण खाली येईनात. अर्धा तास झाला. अशा वेळी गेलेल्या माणसाचं काही राहिलंय का, हे बोलून बघतात. जवळची माणसं एकेक करून पुढं येऊन शब्द देतात.

आशाचा भाऊ म्हणाला, "आशे, दाजींना आम्ही एकटं पडू देणार नाय." कावळा आला नाही.

तनुजा म्हणाली, "आई, मी दर महिन्याला येईन." नाही.

मी हात जोडून उभा होतो. पुढं झालो नाही.

मग भागूबाई पुढं झाल्या. "आशे, तुझं ते गच्चीवरचं झाड तुझी लेक नेईल. तिच्या दारात वाढवील. जा आता."

कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

सगळ्यांनी हुश्श केलं. भागूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "बघा गोकुळराव, झाडात जीव होता बाईचा." एवढ्या वेळात कावळ्याला भूक लागली असेल, असं मला वाटलं. पण शब्द दिला गेला होता, आणि तो सगळ्या भावकीनं ऐकला होता. तनुजानं मला तिथंच सांगितलं, "अण्णा, शिमग्याला येते आणि घेऊन जाते."

झाड नाशिकला कसं न्यायचं, हे विचारायला मी पंधरा-वीस दिवसांनी वजीरभाईंकडं गेलो. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला.

"भाभी का सुना, गोकुळभाऊ. बहोत बुरा हुआ. मेरेकू तो यकीनच नै आया."

मी झाडाचं विचारलं.

"अभीच हलवा. फूल आने के पहले. सगळी माती झाडून टाका, चार दिन कोरडं ठेवा, पोत्यात गुंडाळा. पानी बिल्कुल नक्को."

"आख्खं नेण्यापेक्षा फांदी नेली तर?"

"फांदी लगती. लेकिन पेट नै आता उसकू. पेट बीज के झाड कूच आता. ढेऱ्या का बच्चा ढेऱ्या नै होता, काडी होता." ते हसले. मग म्हणाले, "और काटना रहा तो हातमोजे पहनो. चीक बहोत जहरी."

"जहरी म्हणजे? खाज येते?"

"खाज? अरे कण्हेरी का खानदान है ये. कण्हेरी का चचेरा भाई समझो."

आमच्याकडं कण्हेरीची काडी दातात धरू नये, हे लेकरालाही माहीत असतं. मी कप खाली ठेवला.

"उधर अफ्रिका में शिकारी लोगां इसकू पकाके तीर कू लगाते. मैं मोबाईल पे देखा. हरण जरा भागता, फिर उसका दिल बंद. गिर जाता."

"म्हणजे ते रक्तात जावं लागतं?"

"हौ, खून में जाना मंगता ना. तीर काय के वास्ते है फिर?"

मी म्हणालो, "आठ वर्षं झाली वजीरभाई. तुम्ही हे कधी सांगितलं नाही."

"भाभी कू बोला था मैं. बोला होगा. हर गिराईक कू बोलता मैं, हात धोना बोलके."

आशा ढेऱ्याला हात लावला की साबणानं हात धुवायची. मी तिला चिडवायचो, झाडाला शिवलीस की विटाळ होतो का म्हणून. तिला किती माहीत होतं, हे मला आता कळणार नाही. मोठ्या माणसाची एखादी गोष्ट पसंत नसली तर आशा सरळ नको म्हणायची नाही, प्रश्न विचारायची. "ही रुई हाय का?" हा तसला प्रश्न होता, असं मला आता वाटतं. मी त्याला उत्तर दिलं, आणि तिनं पाय पुढं केला.

नर्सरीतून मी घरी गेलो नाही. सर्टिफिकेट देणाऱ्या डॉक्टरांकडं गेलो. दुपारची वेळ होती, दवाखाना रिकामा होता. मी त्यांना सगळं सांगितलं. वाटी, सुई, कापूस, पट्टी.

ते म्हणाले, "गोकुळराव, तुमचे ते शिकारी चीक तासन् तास उकळून दाट करतात. तुम्ही लावला कच्चा, तोही थेंबभर."

"पाच शेंडे होते."

"बरं, पाच शेंडे. त्यानं माणूस जाईल असं मला वाटत नाही."

"वाटत नाही, का जात नाही?"

त्यांनी चष्मा काढला. "खरं सांगू का, या झाडावर मी काही वाचलेलं नाही. पण शुगरच्या पेशंटला झटका असाच येतो. छातीत दुखत नाही. मळमळ, उलटी, घाबरं होणं, आणि संपलं."

"आन् कण्हेरीच्या विषानं कसं होतं?"

त्यांनी चष्मा परत घातला.

"साधारण तसंच," ते म्हणाले. "मळमळ, उलटी. नाडी मंद होते. तुम्ही नाडी पाहिली होती का?"

"नाय."

"मग मलाही सांगता येणार नाही. पोस्टमार्टेम झालं असतं तर कदाचित काही कळलं असतं. कदाचित त्यातही नसतं कळलं." ते खुर्चीवर मागं टेकले. "हे बघा, मला जे दिसलं ते मी लिहिलं. आता ते झालं. तुम्ही तिचं वाईट व्हावं म्हणून काही केलं नाही. लेकीच्या डोक्यात हे घालू नका. तिची आई एकदा गेली, तेवढं पुरे आहे."

चांगल्या मनानं बोलले ते. मला वाटलं होतं, बाहेर पडताना हलकं वाटेल. पायऱ्या उतरताना मी मोजत होतो, घरापासून रुईपर्यंत किती पावलं झाली असती.

त्यानंतर मी दोनदा कुऱ्हाड घेऊन गच्चीवर गेलो. दोन्ही वेळा परत आलो. झाड तोडलं असतं तर का तोडलं, हे तनुजाला, भागूबाईला, सगळ्यांना सांगावं लागलं असतं. आणि झाडाचा काही दोषही नव्हता. ते त्याच्या वळणानं वाढत होतं. त्याचा चीक तिच्या टाचेत भरायला त्यानं सांगितलं नव्हतं. मोडलेल्या पाच शेंड्यांच्या खाली प्रत्येकी दोन-दोन नवे फुटवे आले होते. छाटलं की ते असंच दुप्पट होतं. आशा त्यासाठीच दरवर्षी एक-दोन शेंडे खुडायची.

तनुजाला मी फोनवर दोनदा म्हणालो, झाड आत्ता नको, पुढं बघू. दोन्ही वेळा ती म्हणाली, "अण्णा, शब्द दिलाय."

शिमग्याच्या आदल्या दिवशी ती बसनं आली. बरोबर तिची दोन वर्षांची मुलगी होती, चिमी. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं गच्चीवर गेलो. ढेऱ्याला एकही पान नव्हतं आणि गुलाबी फुलं मात्र गच्च लागली होती. तनुजा त्याच्यापुढं बसली. तिनं आईसारखंच त्याचं पोट अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि तिचे डोळे भरले.

"किती फुललंय अण्णा. आई असती तर..."

मी चिमीकडं पाहत होतो. तिनं खाली पडलेलं एक फूल उचललं, हुंगलं आणि तोंडात घातलं.

मी तिच्या हातावर चापट मारली. जोरात बसली. तिचा जबडा धरून मी बोट आत घातलं आणि फूल बाहेर काढलं. पोर किंचाळली. तिला कडेवर घेऊन मी नळाकडं पळालो आणि तिचं तोंड धुवायला लागलो.

"अण्णा! काय करताय? मारलं तुम्ही तिला?" तनुजा मागं धावली.

"तिचं तोंड बघ. गिळलं का बघ."

"फूल होतं नुसतं!"

"विष हाय ते."

तिनं पोरीला माझ्याकडून ओढून घेतलं. "कसलं विष? आईनं आठ वर्षं हाताळलं ते झाड."

"कण्हेरीच्या भावकीतलं हाय. वजीरभाई बोलला."

तिनं चिमीचं तोंड उघडून पाहिलं. आत काही नव्हतं. पोर रडत होती, पण चापटीमुळं रडत होती. आम्ही खाली आलो. तनुजानं तिला मांडीवर घेतलं आणि दुसऱ्या हातानं मोबाईल काढला. मी समोर बसलो. ती वाचत होती आणि मी तिचा चेहरा बघत होतो.

"बाणाला लावतात म्हणे," ती म्हणाली. "हृदयावर जातं." तिनं खाली खाली वाचलं. "बाई गं. आणि आम्ही हे झाड बाल्कनीत ठेवणार होतो." तिचा राग उतरला होता. "सॉरी अण्णा. तुम्ही म्हणूनच नको नको म्हणत होता का? मग सरळ सांगायचं ना."

"व्हय. सांगायला पाहिजे होतं."

"आईला माहीत होतं?"

"हात धुवायची ती."

"नशीब. तिला कधी काही झालं नाही."

मी उठून चिमीसाठी दूध तापवायला गेलो. गॅसपाशी उभं राहून ठरवलं, दूध देतो आणि सांगतो. डॉक्टर काहीही म्हणोत. दूध उतू गेलं तरी माझं लक्ष नव्हतं.

दूध घेऊन आलो तर तनुजा खिडकीकडं तोंड करून बसली होती. चिमी झोपेला आली होती.

"अण्णा," तिनं न वळता विचारलं, "आईला आंघोळ घालताना तिच्या टाचेला पट्टी होती. मी आणि मावशीनं सोडली. ती कशाची होती?"

तिनं सहजच विचारलं असेल. आईबद्दल बोलायचं म्हणून. किंवा तसं नसेल. मला तिचं तोंड दिसत नव्हतं.

"काटा मोडला होता. पिशोरला."

"निघाला का?"

"नाय. तसाच राहिला."

"मग पट्टी कशाला बांधली होती?"

"दुखत होतं म्हणून."

ती माझ्याकडं वळली. मी दुधाचा पेला पुढं केला. तिनं तो घेतला, ओठाला लावून गरम आहे का पाहिलं आणि चिमीला पाजायला लागली. पुढं तिनं काही विचारलं नाही. तिनं आणखी एकदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मला वाटतं. पण नक्की नाही.

झाड न्यायचं नाही, असं तिनंच ठरवलं. चिमी मोठी झाली की नेऊ म्हणाली. तोवर मी सांभाळायचं. भागूबाईला फोन लावून तिनं तसं कळवलंही.

"मावशी, ते झाड विषारी निघालं गं. लेकरू हाय घरात, नाय नेता येत आत्ता."

फोनमधून भागूबाईचा आवाज मला ऐकू येत होता. "विषारी? आगं आशी त्याला ल्योक म्हणायची. कोण म्हणतं विषारी? तुझा बाप म्हणतो का? त्याला सोडवंना ते, म्हणून सांगतो तो. म्हाताऱ्याला काय कळतं झाडातलं?"

तनुजा माझ्याकडं पाहून हसली. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. नाशिकची बस फलाटाला लागलेलीच होती. मी आत चढून तिची बॅग वर ठेवली. चिमी माझ्याकडं आली नाही. हाताला चापट बसल्यापासून ती माझ्याकडं येत नव्हती. तनुजा म्हणाली, "विसरेल ती चार दिवसांत. तुम्ही जेवत जा वेळेवर. आणि त्या झाडाला हात लावला की हात धुवा."

"धुतो."

"आणि काही वाटलं तर फोन करा, अण्णा. काहीही. मी आहे."

कंडक्टर म्हणाला, "सोडायला आलेल्यांनी खाली उतरा." मी खिडकीच्या गजाला धरून खाली उभा राहिलो. ड्रायव्हरनं गाडी चालू केली. इंजिनाच्या आवाजात मी तिचं नाव घेतलं. ती कानाला हात लावून पुढं वाकली. "काय म्हणालात?"

"पोचली की फोन कर," मी म्हणालो.

तिनं रात्री फोन केला. पोचलो म्हणाली, चिमी झोपली म्हणाली. त्यानंतर दर दोन दिवसांनी तिचा फोन येतो. मी जेवलो का ते ती विचारते, आणि मी सांगतो. झाडाला आता पानं आली आहेत.

टाचेला चीक मी लावला होता, हे तनुजाला सांगायचं राहिलं आहे.